जुने शिफ्टर आणि मागच्या चकत्या: जोडी जुळते की नाही हे कसे ठरवावे

जुन्या गिअरच्या सायकलीचे फ्रीव्हील (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच) झिजते, शिफ्टरचा (गिअर बदलण्याच्या दांड्याचा) खटका लागेनासा होतो, किंवा पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची एखादी चांगली परदेशी सायकल स्वस्तात हाती येते, आणि मग हा शिफ्टर त्या चकत्यांवर चालेल का, असा प्रश्न उभा राहतो. दुकानात त्याचे उत्तर बहुधा स्पीडच्या, म्हणजे चकत्यांच्या संख्येच्या, आकड्यावरून मिळते: शिफ्टर सात स्पीडचा आहे ना, मग फ्रीव्हीलही सात स्पीडचे घ्या. पुष्कळदा हे उत्तर बरोबर निघते. जेव्हा निघत नाही, तेव्हा मात्र कारण कुणालाच सापडत नाही. केबल ताणून आणि सैल करून सबंध दुपार जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या चकतीवर चेन खरखरतच राहते. जोडी जुळण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात: दोन चकत्यांमधले अंतर, एका खटक्याला शिफ्टरने ओढलेली केबल, आणि तेवढ्या केबलवर डिरेलर, म्हणजे चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, सरकतो ती लांबी. या तिन्ही गोष्टी घरी मोजता येतात, आणि सुटा भाग विकत घेण्यापूर्वी त्या मोजाव्यात, एवढेच येथे सांगायचे आहे.

गोव्यात हा प्रश्न जरा अधिकच पडतो. येथे रस्त्यावर दिसणाऱ्या गिअरच्या जुन्या सायकलींपैकी काही देशी बनावटीच्या असतात आणि त्यांना सहसा सहा किंवा सात स्पीडचे फ्रीव्हील असते. काही जहाजावर वा परदेशात नोकरी करणाऱ्यांनी आणलेल्या, नाहीतर किनाऱ्यावर हंगामभर राहून परतणाऱ्या पाहुण्यांनी जाताना विकून टाकलेल्या असतात. या दुसऱ्या प्रकारात जपानी, फ्रेंच, इटालियन असे काहीही निघू शकते. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे लोखंडी भाग लवकर गंजतात, त्यामुळे ते बदलण्याची वेळही लवकर येते. पण म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानातल्या फळीवर जो माल असतो, तो मुख्यतः पदेराच्या (घरोघर पाव विकणाऱ्याच्या) आणि शाळकरी मुलांच्या बिनगिअरच्या सायकलींचा. मागवलेला भाग चुकीचा निघाला तर परत पाठवण्याचा व्याप वेगळाच.

खटक्यामागचे गणित

१९८४ साली शिमानो या जपानी कंपनीने आपल्या ड्युरा-एस मालिकेत एसआयएस नावाची खटक्याची रचना बाजारात आणली. त्यापूर्वीच्या बहुतेक शिफ्टरना खटका नव्हता. दांडा घर्षणाने जागच्या जागी राहत असे, आणि चेन नेमकी चकतीवर बसली की नाही हे स्वार कानाने ओळखत असे. अशा शिफ्टरला चकत्यांमधल्या अंतराशी काही देणेघेणे नसते. खटका आला तेव्हा हा अंदाज स्वाराच्या हातून यंत्राकडे गेला, आणि यंत्राला ठरावीक माप लागते.

ते माप असे. शिमानोच्या सहा ते नऊ स्पीडच्या जवळजवळ सर्व मागच्या डिरेलरमध्ये १ मिलिमीटर केबल ओढली की डिरेलर सुमारे १.७ मिलिमीटर आडवा सरकतो. सात स्पीडचा शिफ्टर एका खटक्याला सुमारे २.९ मिलिमीटर केबल ओढतो, २.९ ला १.७ ने गुणले की ४.९३ येतात, आणि सात स्पीडच्या दोन लगतच्या चकत्यांमधले अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, ५ मिलिमीटर असते. आठ स्पीडमध्ये केबल २.८ आणि अंतर ४.८, नऊ स्पीडमध्ये केबल २.५ आणि अंतर सुमारे ४.३५. सहा स्पीडमध्ये केबल ३.२ आणि अंतर साधारण ५.५. गुणाकार काटेकोर येत नाही, थोडा कमी येतो; तेवढी चूक डिरेलरची वरची छोटी फिरकी सांभाळून घेते, कारण शिमानोने तिला मुद्दाम आडवे डुलायला किंचित जागा ठेवली आहे. ही फिरकी झिजून अतिसैल झाली किंवा तिच्या जागी डुलणारी नसलेली साधी फिरकी बसवली, तर पूर्वी चाललेली जोडीही कुरकुरू लागते.

या हिशेबाला एक ठळक अपवाद आहे. ड्युरा-एसच्याच ७४०० मालिकेतल्या सहा, सात आणि आठ स्पीडच्या डिरेलर-शिफ्टरचे गुणोत्तर शिमानोच्या बाकीच्या मालापेक्षा वेगळे होते. त्यामुळे त्या मालिकेचा शिफ्टर त्याच मालिकेच्या डिरेलरबरोबर वापरावा, दुसऱ्याबरोबर नको. नऊ स्पीडची ७७०० मालिका आली तेव्हा ड्युरा-एसही इतरांसारखा झाला.

शिमानोखेरीज तीन नावे जुन्या सायकलींवर भेटतात. सनटूरने अ‍ॅक्युशिफ्ट नावाने खटका आणला, पण त्याच्या चकत्यांमधली अंतरे सर्वत्र सारखी नव्हती, त्यामुळे शिमानोचे फ्रीव्हील त्या शिफ्टरवर नीट चालत नाही. कॅम्पाग्नोलोचे आठ स्पीडचे अंतर ५ मिलिमीटर आहे. म्हणजे आठ चकत्या असूनही अंतर शिमानोच्या सातचे! आकड्यावर विसंबून चालत नाही याचा याहून चांगला दाखला नसेल. स्रॅमच्या स्वतःच्या रचनेत शिफ्टर सात-आठ स्पीडला एका खटक्याला ४ मिलिमीटरहून अधिक केबल ओढतो आणि डिरेलर त्या मानाने कमी सरकतो, म्हणून स्रॅमचा तसा शिफ्टर शिमानोच्या डिरेलरला लावला की चेन एका खटक्यात दीड-दोन चकत्या ओलांडते. याच कंपनीचे मुठीने फिरवायचे काही स्वस्त शिफ्टर मात्र शिमानोच्या मापाचे असतात. ते मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजण्याची रीत

आधी चकत्या. चाक काढून आडवे ठेवावे, फ्रीव्हीलची बाजू वर. पोलादी पट्टी सर्वांत लहान चकतीच्या दात्यांच्या बाहेरच्या अंगावर सपाट टेकवावी. ती एक्सलच्या बाजूने अशी जाऊ द्यावी की तिचे टोक सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांवर येईल. आता व्हर्निअर कॅलिपरच्या मागून निघणारी खोली मोजायची काडी पट्टीच्या खालच्या कडेपासून मोठ्या चकतीच्या बाहेरच्या अंगापर्यंत उतरवावी. हे माप दोन्ही चकत्यांच्या एकाच बाजूचे असल्यामुळे चकतीची जाडी त्यात येत नाही. त्याला चकत्यांच्या संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या आकड्याने भागावे. सात चकत्यांसाठी ३० मिलिमीटर आले तर ३० भागिले ६, म्हणजे ५. आठ चकत्यांसाठी ३३.६ च्या आसपास यायला हवे, नऊसाठी ३४.८, सहासाठी २७.५. पट्टी वाकडी टेकली तर एक मिलिमीटरचा फरक सहज पडतो, म्हणून चाक थोडे फिरवून दोन-तीन ठिकाणी माप घ्यावे.

सहा चकत्यांच्या बाबतीत हे माप टाळूच नये. सनटूरच्या अल्ट्रा-सिक्ससारख्या काही जुन्या फ्रीव्हीलमध्ये पाच चकत्यांच्या जागेत सहा बसवलेल्या असत, आणि त्यांचे अंतर ५ मिलिमीटरच्या जवळपास असे. अशा फ्रीव्हीलवर सहा स्पीडचा नेहमीचा शिफ्टर बसणार नाही. सात स्पीडचा बसण्याची शक्यता अधिक.

मग शिफ्टर. केबल डिरेलरच्या बोल्टमधून सोडवावी आणि तिच्या टोकाला एखादा जड पाना बांधून ती ताठ राहील असे पाहावे. शिफ्टर आधी सर्वांत ओढलेल्या स्थितीत न्यावा, आणि केबल आउटरमधून, म्हणजे तिच्यावरच्या आवरणाच्या नळीतून, जेथे बाहेर पडते तेथे तिच्यावर पेनाने बारीक खूण करावी. आता एकेक खटका सोडत शेवटपर्यंत जावे आणि खूण एकूण किती सरकली ते मोजावे. सोडतानाच मोजावे, ओढताना नव्हे. ओढताना दांडा खटक्याच्या किंचित पुढे जाऊन मागे येतो आणि माप फसवे येते. एकूण सरकलेली लांबी भागिले खटक्यांची संख्या. शिमानोच्या सात स्पीडच्या शिफ्टरमध्ये सहा खटक्यांना सुमारे १७.४ मिलिमीटर येतात, आठ स्पीडमध्ये सात खटक्यांना १९.६, नऊमध्ये आठ खटक्यांना २०, सहामध्ये पाच खटक्यांना १६.

मोजमाप सुरू करण्यापूर्वी शिफ्टर खरोखर चालतो का, हे पाहायला हवे. पंचवीस वर्षे पडून राहिलेल्या रॅपिडफायर प्रकारच्या शिफ्टरचा दांडा अंगठ्याने दाबला तर तो लोण्यात बोट जावे तसा मऊ आत जातो आणि काहीही न पकडता परत येतो. पुष्कळ लोक अशा वेळी शिफ्टर मेला असे समजून नवा घेतात. आतला भाग बहुधा शाबूत असतो. कारखान्यात भरलेले ग्रीस सुकून चिकट झालेले असते, आणि खटका पकडणारी छोटी जीभ त्या चिकट थरात अडकून वर उठत नाही. झाकण उघडण्याच्या फंदात पडू नये, कारण आतली गुंडाळलेली स्प्रिंग सुटली तर परत बसवणे फार कटकटीचे असते. केबल काढून, केबलच्या छिद्रातून आणि झाकणाच्या फटीतून डब्ल्यूडी-४० सारखा पातळ फवारा आत सोडावा, दांडा पुनःपुन्हा दाबत राहावे, आणि बाहेर येणारा तपकिरी रस फडक्याने टिपून घ्यावा. पहिल्यांदा खटका एखाद-दुसऱ्या वेळी पकडतो, मग अधूनमधून, आणि शेवटी दर वेळी. त्यानंतर हलक्या तेलाचे दोन-तीन थेंब आत सोडावेत. पुन्हा घट्ट ग्रीस भरू नये.

कोणाची जोडी कोणाशी

मापे हातात आली की निर्णय सोपा होतो. शिमानोचा आठ स्पीडचा शिफ्टर सात स्पीडच्या चकत्यांवर चालतो. प्रत्येक खटक्याला फरक ०.२ मिलिमीटरचा, मधल्या, म्हणजे चौथ्या, चकतीवर चेन अगदी मध्यावर बसवली तर दोन्ही टोकांना चूक ०.६ ते ०.७ मिलिमीटरच उरते आणि ती डुलणारी फिरकी पचवते. शिफ्टरमध्ये एक खटका जादा राहतो. तो सैल टोकाला ठेवावा, म्हणजे सर्वांत लहान चकतीवर असताना शिफ्टरमध्ये अजून एक खटका सोडायला शिल्लक असेल आणि तो सोडला तरी केबल फक्त ढिली पडेल. जादा खटका मोठ्या चकतीच्या टोकाला ठेवला, तर चढावर घाईत दांडा दाबला जातो आणि डिरेलर मर्यादेच्या स्क्रूवर अडकून केबलवर नाहक ताण येतो. उलट जोडी, म्हणजे सात स्पीडचा शिफ्टर आणि आठ चकत्या, याच कारणाने कामचलाऊ चालते, पण एक चकती वाया जाते.

आठ स्पीडचा शिफ्टर आणि नऊ चकत्या ही जोडी चालत नाही. फरक दर खटक्याला ०.४५ मिलिमीटरचा आहे. सात खटक्यांत तो तीन मिलिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे मधे जुळवले तरी टोकांना दीड मिलिमीटरहून अधिक चूक. सहा स्पीडचा नेहमीचा शिफ्टर सात चकत्यांवर लावला तर पाच खटक्यांत अडीच मिलिमीटर. केबल कितीही ताणली तरी असे अंतर भरून निघत नाही, कारण ताण सगळ्या चकत्यांवर सारखाच लागू होतो आणि चूक मात्र दर चकतीला वाढत जाते. मधल्या चकत्या शांत आणि टोकाच्या दोन कुरकुरत्या, किंवा एका टोकाला सर्व ठीक आणि दुसऱ्या टोकाला गोंधळ, असे चित्र दिसले तर दोष ताणात नसून जोडीत आहे असे समजावे.

डिरेलरचे काय? सहा ते नऊ स्पीडचे शिमानो डिरेलर एकमेकांच्या जागी चालतात. ड्युरा-एसचा अपवाद वर सांगितला आहे. डोंगरी सायकलींचे दहा स्पीडचे आणि त्यापुढचे डिरेलर मात्र वेगळ्या गुणोत्तराचे आहेत, १.७ ऐवजी सुमारे १.२. ऑनलाइन सवलतीत मिळाला म्हणून तसा डिरेलर जुन्या सात स्पीडच्या शिफ्टरला लावला, तर एका खटक्याला तो साडेतीन मिलिमीटरच सरकेल आणि चेन दोन चकत्यांच्या मध्ये लोंबकळत राहील. केबल बोल्टच्या दुसऱ्या बाजूने अडकवली तर तिची धुरीपासूनची लांबी बदलते आणि गुणोत्तर थोडे कमी-जास्त करता येते, अशी एक जुनी युक्ती आहे. ती मापे माहीत असलेल्यानेच करावी. अंदाजाने केली तर एका दोषाचे दोन होतात.

आणि काहीच जुळत नसेल, तर खटका सोडून द्यावा. माझे मत विचारले तर जुन्या, मिश्र भागांच्या सायकलीसाठी हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. बिनखटक्याचा अंगठ्याने ढकलायचा शिफ्टर सहापासून नऊपर्यंत कोणत्याही चकत्यांवर चालतो, डिरेलर कोणत्या कंपनीचा आहे हे विचारत नाही, केबल किंचित गंजली तरी अडून बसत नाही, आणि त्याच्यात बिघडण्यासारखे फार काही नसते. नवा घेण्यापूर्वी असलेल्या शिफ्टरकडेच नीट पाहावे: हँडलवर किंवा चौकटीच्या खालच्या नळीवर बसणाऱ्या शिमानोच्या अनेक जुन्या शिफ्टरना एक फिरवायची कडी असते, तिच्या एका बाजूला एसआयएस आणि दुसऱ्या बाजूला घर्षणाची खूण असते. कडी फिरवली की खटका जातो आणि तोच शिफ्टर बिनखटक्याचा होतो. एकही पैसा न खर्चता प्रश्न सुटतो.

फ्रीव्हील की कॅसेट

मागच्या चकत्यांचा संच दोन प्रकारचा: आट्यांवर फिरवून बसवलेले फ्रीव्हील आणि खाचांवर सरकवून बसवलेली कॅसेट. शिफ्टरच्या दृष्टीने या दोघांत काही भेद नाही. सात स्पीडचे अंतर दोन्हींत सारखेच. भेद चाकाला आहे. एक्सलभोवती हत्यार बसवण्याच्या खाचा दिसतात. चकत्या हाताने उलट्या फिरवाव्यात. खाचांचा भाग चकत्यांबरोबर फिरला तर ती कॅसेट, आणि तो चाकाबरोबर स्थिर राहून बाहेरच्या चकत्याच फिरल्या तर ते फ्रीव्हील.

फ्रीव्हील हबच्या आट्यांवर बसते. आटे बहुतेक ठिकाणी १.३७ इंच व्यासाचे आणि इंचाला २४ असतात. जुन्या फ्रेंच सायकलींत मात्र ते ३४.७ मिलिमीटर व्यासाचे आणि १ मिलिमीटरच्या टप्प्याचे सापडतात, इटालियन सायकलींत ३५ मिलिमीटरचे. फरक डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नवे फ्रीव्हील आधी फक्त हाताने बसवून पाहावे: आट्यांना ग्रीस लावून ते कित्येक फेरे सहज फिरले पाहिजे. एक-दोन फेऱ्यांतच घट्ट झाले, किंवा उलट डुगडुगत राहिले, तर पाना लावू नये. अॅल्युमिनिअमच्या हबचे आटे एकदा कापले गेले की हबच बदलावा लागतो.

जुने फ्रीव्हील काढणे हे किनारपट्टीवरचे खरे दिव्य आहे. पेडलच्या जोराने ते वर्षानुवर्षे घट्ट होत गेलेले असते आणि पोलाद व अॅल्युमिनिअम यांच्या सांध्यात खारट ओल शिरून दोन्ही एकजीव झालेले असतात. सांध्यात पातळ तेल सोडून रात्रभर ठेवावे. शिमानोच्या अलीकडच्या फ्रीव्हीलला १२ खाचांचे हत्यार लागते. सनटूरच्या जुन्या फ्रीव्हीलला दोन किंवा चार खाचांचे वेगळे. हत्यार खाचांत पुरते बसवून एक्सलच्या नटाने हलके दाबून धरावे, ते व्हाइसमध्ये पकडावे, आणि चाकच मोटारीच्या स्टिअरिंगप्रमाणे दोन्ही हातांनी डावीकडे फिरवावे. कडकन आवाज होऊन ते सुटले की लगेच नट ढिला करावा, नाहीतर फ्रीव्हील नटावर येऊन आपटते आणि एक्सल दुखावते. ज्याच्याकडे व्हाइस नाही त्याने चाक घेऊन एखाद्या वेल्डिंगच्या किंवा मोटारच्या गॅरेजात जावे. तेथे हे काम दोन मिनिटांत होते.

सहाच्या जागी सात चकत्यांचे फ्रीव्हील बसवायचे असेल तर जागा तपासावी. ते सुमारे अडीच मिलिमीटर अधिक रुंद असते, त्यामुळे लहान चकतीवरची चेन चौकटीला घासू शकते. एक्सलच्या त्या बाजूला वायसर घालून जागा करता येते, पण मग रिम मध्यावर आणण्यासाठी स्पोक पुन्हा ताणावे लागतात. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे बेअरिंग बरेच आत असते. फ्रीव्हील जितके रुंद, तितका एक्सलचा निराधार भाग लांब. मागे सामानाची पिशवी आणि खड्ड्यांतून जाणारा रस्ता असेल तर असे एक्सल वाकतात, आणि पुष्कळदा डोलणारे चाक हे वाकलेल्या एक्सलचेच लक्षण असते.

कॅसेटबाबत थोडक्यात: आठ, नऊ आणि दहा स्पीडची शिमानो कॅसेट एकाच लांबीच्या फ्रीहबवर (हबला जोडलेल्या खाचांच्या नळकांड्यावर) बसते, सात स्पीडचा फ्रीहब साडेचार मिलिमीटरच्या आसपास आखूड असतो. मोठ्या फ्रीहबवर सात स्पीडची कॅसेट बसवायची तर मागे तेवढा स्पेसर घालावा. आखूड फ्रीहबवर आठ चकत्या बसत नाहीत. नऊ स्पीडच्या कॅसेटमधली एक चकती वगळून उरलेल्या आठ मात्र बसतात, आणि त्या नऊ स्पीडच्या शिफ्टरने चालवता येतात.

दाते किती असावेत

सपाट तिसवाडी आणि साळशेतच्या शेतांमधून फिरणाऱ्याला १४ ते २८ दात्यांचे फ्रीव्हील पुरते. पणजीत आल्तिनोची चढण किंवा केरीहून पुढे चोर्ला घाट चढणाऱ्याला ३४ दात्यांची मोठी चकती असलेले फ्रीव्हील हवेहवेसे वाटते, आणि ते शिफ्टरशी जुळतेही, कारण अंतर तेच असते. अडचण डिरेलरची होते. पुढची लहान चकती ४२ दात्यांची असलेल्या जुन्या रस्त्याच्या सायकलीवर मागे २८ ऐवजी ३४ घातले तर पुढच्या-मागच्या दात्यांचे गुणोत्तर १.५ वरून १.२४ वर येते, म्हणजे चढावर चांगलाच दिलासा. पण २८ दात्यांपर्यंतचाच आखूड पिंजऱ्याचा (दोन फिरक्या धरणाऱ्या भागाचा) डिरेलर ३४ च्या चकतीवर घासतो. शिवाय पुढच्या दोन चकत्यांमधला फरक आणि मागच्या लहान-मोठ्या चकत्यांमधला फरक यांची बेरीज डिरेलरच्या क्षमतेपेक्षा जास्त असू नये. पुढे ५२-४२ आणि मागे १४-३४ असेल तर १० अधिक २०, म्हणजे ३०. पुढे ४८-२८ असेल तर ४०, आणि त्याला लांब पिंजऱ्याचाच डिरेलर लागतो.

चेन आणि केबल

गिअरच्या सायकलीची चेन आतून ३/३२ इंच रुंद असते. बिनगिअरच्या सायकलीची १/८ इंच. घाईत दुसरीच हातात पडते, आणि ती चकत्यांमध्ये बसत नाही. सहा, सात आणि आठ स्पीडला एकच चेन चालते, बाहेरून सुमारे ७.१ ते ७.३ मिलिमीटर रुंद. नऊ स्पीडची साधारण ६.६. नवे फ्रीव्हील आणि जुनी चेन, किंवा नवी चेन आणि झिजलेले फ्रीव्हील, असे एकत्र केले तर जोर लावताच चेन दात्यांवरून उडी मारते आणि दोष शिफ्टरला दिला जातो. चेन झिजली का हे पट्टीने कळते: एका पिनेच्या मध्यापासून तिच्या पुढच्या चोविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत नवी चेन नेमकी १२ इंच भरते, १२ इंच आणि १/१६ भरली तर चेन बदलावी, १/८ भरली तर चकत्याही गेल्या असे धरावे.

केबलचे आउटर हा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि माझ्या मते निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ तेथेच असते. ब्रेकच्या आउटरमध्ये चपटी तार वेटोळ्यासारखी गुंडाळलेली असते. ताण आला की ती दाबली जाते. ब्रेकला ते चालते, खटक्याला नाही, कारण तीन मिलिमीटरच्या हिशेबात अर्धा मिलिमीटर आउटरनेच गिळला तर उरणार काय? खटक्याच्या गिअरला ४ मिलिमीटर जाडीचे, आत लांबीच्या दिशेने सरळ तारा असलेले आउटरच हवे. उलट ते ब्रेकला कधीही लावू नये. जोराच्या ताणाने ते फुटते. कापल्यावर टोक कानशीने सपाट करावे, आतले प्लास्टिकचे छिद्र सुईने उघडावे आणि टोकाला टोपी बसवावी.

डिरेलरकडे जाणारा शेवटचा वळसा जमिनीच्या सर्वांत जवळ असतो, त्यामुळे लाल माती आणि पाणी आधी तेथे शिरते. जूनमध्ये मोठे पाऊस सुरू झाले की हा तुकडा पाहावा. चौकटीवरचे केबलचे थांबे एका बाजूने उघड्या फटीचे असतील तर चेन मोठ्या चकतीवर आणून, शिफ्टर सैल सोडून, आउटर थांब्यातून बाहेर काढता येते आणि केबल पुसून, किंचित तेल लावून परत बसवता येते. गंज न धरणारी स्टेनलेस केबल थोडी महाग पडते, पण किनारपट्टीवर तीच घ्यावी. गंजलेल्या केबलचे लक्षण सोपे आहे: मोठ्या चकतीकडे गिअर व्यवस्थित चढतात आणि लहान चकतीकडे उतरताना रेंगाळतात, कारण चढताना अंगठ्याचा जोर असतो आणि उतरताना फक्त डिरेलरची स्प्रिंग.

शेवटची जुळवणी

प्रथम सायकलीच्या मागे उभे राहून डिरेलरचा पिंजरा चकत्यांना समांतर आहे का ते पाहावे. फेरीबोटीत बाजूच्या मोटारसायकलीचा धक्का लागून सायकल उजवीकडे पडली असेल, तर डिरेलर ज्या कानावर टांगलेला असतो तो वाकलेला असू शकतो, आणि तो सरळ केल्याखेरीज पुढचे सर्व काम व्यर्थ आहे.

केबल न लावता चेन लहान चकतीवर आणावी आणि एच खुणेचा स्क्रू असा फिरवावा की वरची फिरकी मागून पाहता त्या चकतीच्या बरोबर खाली येईल. डिरेलर हाताने ढकलून मोठ्या चकतीवर न्यावा आणि एल खुणेच्या स्क्रूने तीच काळजी घ्यावी, म्हणजे चेन स्पोकमध्ये पडणार नाही. मग शिफ्टर सैल टोकाला नेऊन, बॅरल, म्हणजे केबलचा ताण बदलणारी फिरवायची नळी, पूर्ण आत फिरवून दोन फेरे बाहेर काढून, केबल पक्कडीने हलकी ताणून बोल्ट आवळावा. आठचा शिफ्टर सात चकत्यांवर असेल तर आधी एक खटका ओढून मग आवळावा, म्हणजे जादा खटका सैल बाजूला राहील. आता एक खटका ओढावा. चेन दुसऱ्या चकतीवर चढत नसेल तर बॅरल डावीकडे, म्हणजे बाहेर, अर्धा फेरा. तिसरीला घासत असेल तर उजवीकडे. हे मधल्या चकतीवर शांत होईपर्यंत करावे आणि मगच टोके तपासावीत. ३४ दात्यांची चकती असेल तर वरची फिरकी तिला चाटत नाही ना हे पाहून बी स्क्रू (डिरेलरला चकतीपासून दूर ढकलणारा) आवळावा.

स्टँडवर सर्व ठीक चालते, म्हणून परीक्षा चढावर घ्यावी: पेडलवर जोर असताना मधल्या तीन चकत्यांवर दोन-दोन वेळा वरखाली जावे. नवी केबल आणि आउटरच्या टोप्या पहिल्या काही दिवसांत बसतात, तेव्हा मोठ्या चकतीकडे चढताना थोडा आळस जाणवू लागला तर बॅरल आणखी पाव ते अर्धा फेरा बाहेर काढावा.